सर दौऱ्यावर आहेत

सरकारी कचेरीत साहेब दौऱ्यावर असले, म्हणजे ते कुठेच नसतात. शाळेतले पी.टी.चे सर दौऱ्यावर असले, की ते एकाच वेळी चार ठिकाणी असतात: रिझर्व्हेशनच्या डब्यात, पालकांच्या फोनवर, पोरांच्या पाण्याच्या बाटल्यांत आणि हिशेबाच्या वहीत.

वऱ्हाडात ही जात मुबलक. घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात आणि उरलेलं आयुष्य बडनेरा-मूर्तिजापूर अपडाऊनमध्ये. गळ्यात शिट्टी, मनगटावर स्टॉपवॉच, अंगात कुठल्यातरी जुन्या स्पर्धेचा टी-शर्ट. पाठीवरचं स्पर्धेचं नाव धुऊन धुऊन पुसलेलं, पण 'मॅनेजर' हा शब्द शाबूत. शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. सर त्याला नुसतं 'मंडळ' म्हणतात, आणि दर तिसऱ्या वाक्याला म्हणतात. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. सर ही हकिकत सांगताना "आम्ही बर्लिनला गेलो होतो," असंच म्हणतात. त्या वेळी सरांच्या वडिलांचंही लग्न व्हायचं होतं, पण मंडळाच्या बाबतीत असले हिशेब कोणी करत नाही.

टेनिस हा खेळ वऱ्हाडच्या मातीतला नाही, हे अक्षरशः खरं आहे. आमची काळी जमीन कपाशीला प्रसन्न, टेनिसला नाही. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात, की बॉल गेला तर तो पावसाळ्यातच वर यावा. म्हणून इथं कोर्ट करायचं तर मुरूम आणा, रोलर ओढा, पहाटे पाणी मारा, चुन्याच्या रेघा आखा. ही सगळी कामं सर स्वतः करतात. मग साडेपाचला पोरं आली, की शिकवणी सुरू होते. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला. तेव्हापासून सरांच्या हाती एक दाखला आला आहे. "आबे, पंच्याहत्तर किलोमीटर रोड पाच दिवसांत झाला, अन् तुह्या बॅकहँडचं सहा महिन्यांपासून निस्तं खोदकामच चालू हाय!"

२०२५ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका लहान गावी अठरा वर्षांखालच्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. सर चार पोरं घेऊन निघाले. त्यातला एक माझा भाचा. पालकांचा प्रतिनिधी म्हणून मी सोबत गेलो, म्हणजे सामान उचलायला एक मोठा माणूस हवा होता. तिकिटं अर्थातच पालकांच्या वर्गणीतून. सरांच्या स्वतःच्या तिकिटाचं विचारलं, तर म्हणाले, "ते झालं ना भाऊ." कसं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. पालकांनीही फारसं खोदून विचारलं नाही.

सरांच्या बॅगेत रॅकेट एक होती. बाकी खारोड्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भाजलेला रवा, पाण्याची विजेवर चालणारी किटली, सुईदोरा आणि नायलॉनची वीस फूट दोरी. टेनिसचा दौरा आणि दोरी यांचा संबंध मला पहिल्या संध्याकाळी कळला. खोलीच्या खिडकीपासून कपाटाच्या मुठीपर्यंत ती ताणली गेली आणि तिच्यावर चार पोरांचे धुतलेले मोजे लटकले. हॉटेलवाल्या बाई टॉवेल द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. सरांनी हसून त्यांना एक खारोडी दिली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली. ती खायची असते हे सरांनी खाऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टं पाहिली. एकाला एक लागून लाल मातीची आठ कोर्टं. सर उकिडवे बसले, चिमूटभर माती तळहातावर घेतली, बोटानं चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "अबे, ही मातीच नाई! हा तं इटांचा चुरा हाय." बरोबर होतं. युरोपातली लाल कोर्टं कुटलेल्या विटांचीच असतात. सरांनी आठही कोर्टांवर नजर फिरवली. "एवढ्या इटांत आपल्याकडं चार घरकुलं झाली असती," असा अंदाज त्यांनी वर्तवला आणि पोरांना वॉर्मअपला पिटाळलं.

आता मुख्य गोष्ट. टेनिसमध्ये सामना चालू असताना कोचनं बोलायचं नाही, असा नियम कित्येक वर्षं होता. सांघिक सामन्यात कप्तान शेजारी बसतो ते वेगळं, पण एरवी कोचनं तोंड शिवून बसायचं. वऱ्हाडी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. सरांनी तिच्यावर खाणाखुणांचा उतारा शोधला होता. कान खाजवला की लॉब, टोपी काढली की नेटवर जा, रुमाल झटकला की दुसरी सर्व्हिस जपून. एकदा नागपूरला सरांना डास चावत होते. पोरानं ओळीनं पाच लॉब मारले आणि सामना घालवला. तेव्हापासून वीस वर्षं सरांचं एकच म्हणणं: "बोलू देत नाई ना भाऊ. बोलू दिलं असतं, तं आपलं पोट्टं कवाच विम्बल्डनले असतं." त्यापुढे ठरलेली नामावली यायची: १९७९ साली ज्युनिअर विम्बल्डन रमेश कृष्णननं जिंकलं, १९९० साली लिएंडर पेसनं. आणि अलीकडची जोड म्हणून २०२३ च्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाच्या जोडीनं सुवर्ण घेणारी आपली ऋतुजा भोसले. "ते काय आभायातून पडले काय?"

आणि १ जानेवारी २०२५ पासून नियम बदलला. कोर्टाबाहेर बसलेल्या कोचला दोन गुणांच्या मधल्या वेळात खेळाडूशी बोलायची मुभा मिळाली. अट एवढीच, की बोलणं थोडक्यात आणि इतरांना त्रास न होईल असं. जर्मनीला जाईपर्यंत सर रोज मनाशी काहीतरी पुटपुटत होते. वीस वर्षांचं साठलेलं थोडक्यात कसं बसवायचं, हा प्रश्न होता.

भाच्याचा सामना पात्रता फेरीतला. समोर एक उंचापुरा जर्मन पोरगा. इथं खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर हे खेळाडूनं स्वतः सांगायचं. वाद झाला तर मातीवरचा ठसा पाहायचा. पहिल्या सेटमध्ये असाच वाद झाला. फिरत्या पंचबाई आल्या, वाकून ठसा पाहिला. कुंपणाबाहेर सरही तितकेच वाकले. निकाल आपल्या बाजूनं लागला, तेव्हा सरांनी बाईंना कमरेतून नमस्कार केला. तरीही पहिला सेट ३-६ गेला. दुसरा ६-४ आला. पात्रता फेरीत तिसरा सेट नसतो. किमान दोन गुणांच्या आघाडीनं आधी दहा गुण करेल तो जिंकला, असा टायब्रेक असतो. तो ८-८ वर आला.

भाच्यानं वळून सरांकडे पाहिलं. दोन गुणांच्या मधे पंचवीस सेकंद असतात. सर उभे राहिले. छाती फुगली. ओठ हलले. अँगल, टॉप-स्पिन, पायांची हालचाल, बर्लिन, मंडळ, सगळं गळ्यापर्यंत आलेलं मला दिसत होतं. पंचबाईंचंही लक्ष इकडेच होतं. आणि सर म्हणाले,

"पानी पे."

भाचा बघत राहिला. बाटली पलीकडे खुर्चीखाली, आणि आता तिकडे जायला वेळही नाही. मग त्याला हसू आलं. दोन तासांत पहिल्यांदा. हसतच त्यानं सर्व्हिस केली आणि ती नेटमध्ये मारली. सामना ८-१० गेला.

तिकडच्या रिवाजाप्रमाणे सामना संपला की खेळाडूंनी जाळीची जड चटई ओढून कोर्ट सारखं करायचं असतं. भाचा खुर्चीवर मान घालून बसला होता. सरांनी चटईची दोरी खांद्यावर घेतली आणि वखराची पाळी घालावी तसं सगळं कोर्ट ओढून काढलं, मग रेघा झाडल्या. पुढच्या सामन्याची पोरं थांबून पाहत राहिली. एवढी सरळ पाळी त्या गावानं पाहिली नसावी.

संध्याकाळी सर चौघांना आइस्क्रीमला घेऊन गेले. "कोणत्या फ्लेवरचं?" या प्रश्नावर पोरांनी चर्चा केली ती टायब्रेकपेक्षा लांबली. सरांनी स्वतः घेतलं नाही. "मले थंड बाधते." मुठीतली नाणी दोनदा मोजून त्यांनी अकरा युरो दिले आणि बाहेर आल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "हजार रुपयांचा बर्फ, भाऊ!" पोरं तोवर मोठ्यानं हसत होती, भाचाही.

परतीच्या प्रवासात गोष्ट वाढू लागली. मुंबईला ती "अगदी थोडक्यात हुकलं" अशी होती. अंबा एक्सप्रेसमध्ये शेगावच्या आसपास "बाईनं ठसा नीट पाह्यला असता, तं" इथवर आली. जो ठसा आपल्या बाजूनं लागला होता, तोच. अकोला स्टेशनवर हार-तुरे घेऊन लोक आले होते. तिथं सरांनी जाहीर केलं, की निर्णायक क्षणी प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकण्यासाठी त्यांनी एक सांकेतिक शब्द वापरला होता. कोणता, ते पुढच्या स्पर्धेच्या दृष्टीनं सांगता येणार नाही.

आठवड्यानं पालकांची सभा झाली. सरांनी दोनशे पानी वहीत मांडलेला हिशेब पुढे केला. बसभाडं, हॉटेल, प्रवेश फी, बॉलचे डबे, धुण्याची पावडर, सगळं तारखेवार, पावत्या टाचणीनं लावलेल्या. शिल्लक पाकिटात, सुट्या नाण्यांसह. 'कोच मानधन' या ओळीपुढे आडवी रेघ. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

शेवटच्या पानावर एक नोंद होती: 'इतर – ११ युरो'. तिची पावती नव्हती. तिच्यावर पाऊण तास चर्चा झाली.