लाँग टर्मवाले

जालन्यात सळईचा भाव सकाळी एक असतो आणि दुपारच्या चहापर्यंत दुसरा. या धंद्यात हयात गेल्यामुळे लाँग टर्मवाले माल गोदामात पडून राहिला की बेचैन होतात. आठ दिवसांच्या वर उधारी नाही, मग समोर जावई का असेना. पण टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) या कंपनीला ते 2009 पासून सांभाळून घेत आहेत.

मामा चौकापासून मोंढ्यापर्यंत कुठेही चौकशी करा, असा एक तरी सापडतोच. ओळखायचं कसं? "शेअरचा काय भाव चाललाय?" असं विचारावं. भाव न सांगता जो 'व्हिजन' सांगू लागतो, तो लाँग टर्मवाला.

2009 मध्ये टाटा डोकोमो आली. सेकंदाला 1 पैसा असा दर लागला आणि कॉलेजातली पोरं दहा सेकंदांत प्रेम उरकू लागली. लाँग टर्मवाल्यांनी शेअर उचलला तो दिवाळीला विकायच्या बोलीवर. पण दिवाळीआधीच फोन कंपन्यांची दरांवरून जुंपली आणि सगळ्यांचेच भाव आपटले. तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "आपण काय ट्रेडर आहोत का? आपलं लाँग टर्म."

पुढे डोकोमोवाले जपानी भागीदार बाहेर पडले. मोबाइलचा धंदा एअरटेलला द्यायचं 2017 मध्ये ठरलं, 2019 मध्ये तो गेलाही. उरलं काय, तर तारा आणि त्या तारांवरची ऑफिसं. त्यांना इंटरनेटवरून फोन पुरवायचे, एकाच नंबरावर तीस जणांना बोलायची सोय करून द्यायची, फोन उचलून 'मराठीसाठी 1 दाबा' म्हणणारी यंत्रणा बसवायची. पुतण्याने हे एकदा समजावून सांगितलं आणि घराची शांतता गेली. आता दवाखान्यात नंबर लावायला फोन केला आणि पलीकडून बाई '1 दाबा' म्हणाल्या, की लाँग टर्मवाले फोनवर हात ठेवून बायकोला सांगतात, "आपलीच कंपनी!" ती यंत्रणा कुणाची हे कळायला काहीच मार्ग नसतो. तरी पुन्हा ऐकायला ते 9 दाबतात. डॉक्टरांची वेळ घ्यायची राहून जाते.

मार्च 2020 मध्ये शेअर 2 रुपयांच्या खाली गेला.

"अहो, दोन रुपयांत कोथिंबिरीची काडी येत नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच आणखी घेतोय," लाँग टर्मवाले म्हणाले. याला ते ॲव्हरेज करणं म्हणतात.

आणि मग विपरीत घडलं. शेअर चढू लागला. 2021 भर चढत राहिला आणि जानेवारी 2022 मध्ये 290 ला टेकला. ज्यांनी बारा वर्षं चेष्टा केली ते दुकानात येऊन चहा पिऊ लागले. "काका, निम्मे तरी काढा," पुतण्या काकुळतीला आला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं ते नापास पोराकडे पाहावं तसं. "पाचशेच्या आत हात लावायचा नाही." खरी अडचण वेगळी होती. विकले असते तर पैसे आले असते, पण उद्यापासून चौकात ते कोण? सळईवाले!

त्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की सरकारी देण्यावरच्या व्याजाच्या बदल्यात सरकारला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास हिस्सा देऊ. झालं, रोज लोअर सर्किट! म्हणजे मोंढ्यात तुरीचा भाव पुकारला जातोय आणि बोली लावायला एकही आडत्या नाही. 1 फेब्रुवारीला कंपनीने तो बेत सोडला. "आली की नाही भानावर?" लाँग टर्मवाले म्हणाले, जणू यांनीच रात्री फोन करून झापलं होतं. मार्च 2023 पर्यंत भाव साठच्याही खाली आला.

गंमत अशी, की 2 रुपयांतली ती खरेदी धरली तर हिशेबाने ते तेव्हाही नफ्यातच होते. त्यामुळे त्यांना कुणी वेड्यातही काढू शकत नाही. 2023-24 मध्ये कंपनीचा धंदा बाराशे कोटींच्या घरात आणि तोटाही बाराशे कोटींच्या घरात. रुपया कमवायचा आणि दोन रुपये घालवायचे, त्यातच कर्जावरचं व्याज. एवढा तोटा दाखवणाऱ्या बिल्डरला लाँग टर्मवाल्यांनी सळईचा तुकडा दिला नसता. इथे मात्र ते म्हणतात, "तोटा कागदावर असतो."

परवा त्यांनी ठरवलं, कंपनीचं उत्पन्न आपणच वाढवायचं. दुकानासाठी इंटरनेटचा फोन घेऊ म्हणून चौकशी केली. पलीकडच्या मुलीने आदबीने दर सांगितला.

"मालकाला काय भाव?"

"सर, आपण कुठल्या कंपनीचे मालक?"

"तुमच्याच!"

पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी लाँग टर्मवाल्यांनी वर्षभराची उधारी मागितली. मुलगी म्हणाली, पैसे आगाऊ भरावे लागतात. फोन ठेवताना ते खूश होते. "कंपनी चोख आहे, उधारी देत नाही," असं म्हणून त्यांनी आणखी शंभर शेअर घेतले. दुकानात फोन अजून बीएसएनएलचाच आहे.