चार मिलिमीटरचा फरक

नोट डोळ्यांनी ओळखायची असते, असा समज फक्त ती रंगवणाऱ्यांचा असतो. बाकीचा देश ती बोटांनी ओळखतो. एसटीचा कंडक्टर गर्दीत रेलून न बघता सुट्टे परत करतो. दोनशेच्या नोटेवरच्या सांचीच्या स्तूपाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून चलनाचं रूप पालटताना खरा खर्च शाई-कागदाचा नसतो, मोडलेल्या सवयीचा असतो. शाई-कागदाचा निदान हिशेबात तरी दिसतो: रिझर्व्ह बँकेचा नोटछपाईचा खर्च २०१५-१६ मध्ये ३,४२१ कोटी होता, तो पुढच्याच वर्षी ७,९६५ कोटींवर गेला. सवयीचं बिल मात्र परस्पर रांगेत उभ्या असलेल्यांच्या नावावर फाडलं जातं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री किमतीच्या हिशेबाने ८६ टक्के चलन बाद झालं, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर नव्या नोटा आकाराने लहान निघाल्या. देशभरातल्या सुमारे दोन लाख एटीएमच्या पोटातले कप्पे जुन्या मापाचे! नोट तयार, गिऱ्हाईक तयार, फक्त यंत्राला माप बसेना. त्यातून हजाराची नोट गेलेली, नवी पाचशेची अजून वाटेत. त्यामुळे दोन हजारांच्या खालची पायरी थेट शंभराची. दोन हजारांच्या नव्या गुलाबी नोटेच्या मागे मंगळयान होतं. ती मंगळापर्यंत पोचली असती, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मात्र खपत नव्हती.

बनावट नोटा रोखायच्या तर रूप बदलावंच लागतं, हा आक्षेप रास्त आहे. पण घाईने बदललेलं रूप ठगाआधी गिऱ्हाइकालाच चकवतं, कारण खरी नोट कशी दिसते हेच त्याला अजून पाठ नसतं. आणि ठगही हातावर हात ठेवून बसत नाहीत: दोन हजारांच्या बनावट नोटा २०१६-१७ मध्ये ६३८ पकडल्या गेल्या, पुढच्या वर्षी १७,९२९. दुसरे म्हणतील, आता सगळं मोबाइलवर चालतं, नोटेकडे बघतो कोण? मार्च २०१६ मध्ये सुमारे १६.४ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२४ मध्ये चौतीस लाख कोटींच्या वर. एवढा ऐवज काही कोणी देव्हाऱ्यात पुजायला नेलेला नाही.

सगळ्यात जास्त भुर्दंड दृष्टिहीनांना बसला. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०, रुंदी दोन्हींची सारखीच. म्हणजे तीनशे रुपयांचा फरक चार मिलिमीटरांत चाचपायचा! त्यावर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारं मोबाइल ॲप काढलं. रोखीत व्यवहार करायचा तर आधी स्मार्टफोन घ्या, अशी ही सोय. त्यापेक्षा पुढच्या वेळी नमुन्याच्या नोटा समितीच्या टेबलावर न मांडता आठवडाभर कंडक्टर, भाजीवाली आणि अंधशाळेतल्या मुलांच्या हाती द्याव्यात. रंगाबद्दल मात्र त्यांना काही विचारू नये. दोनशेचा हळदी पिवळा बघता, तो प्रश्न कोणालाच विचारलेला दिसत नाही.