पाहुणा वाघ, यजमान माकडं

डोंगर बघायचा म्हटलं की धाराशिवकर महाबळेश्वरची गाडी ठरवतो. घरच्या बालाघाटात येडशी-रामलिंगचं अभयारण्य आहे. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं, पण सोंगं दोन. श्रावणात धबधबा आणि हिरवीगार दरी, चैत्रात तोच डोंगर करपल्या भाकरीसारखा. आपण अर्थात श्रावणातच जातो. रामलिंगाला हात जोडायचे, माकडांना वेफर्स चारायचे, रिकामं पाकीट दरीला वाहायचं आणि ते सेल्फीत येणार नाही एवढं बघायचं.

2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं आला. पर्यटक हवेत म्हणून ओरडणाऱ्या जिल्ह्यात हा एक आपल्या पायांनी आला, तर त्याला धरायला पथक! वाघ काही पथकाला सापडेना. माकडांना ठाऊक असणार, पण त्यांची तोंडं वेफर्सनी भरलेली.