सनीडेलचं सुतक

मालिका संपली की बघणाऱ्यानेही ती संपवावी, असा साधा व्यवहार आहे. आमच्या घरात तो फक्त सासूबाईंना जमतो. एका मालिकेचं शेवटचं शीर्षकगीत थांबायच्या आत त्या पुढच्या मालिकेतल्या सुनेला नावं ठेवायला लागलेल्या असतात. मला ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’च्या बाबतीत हे कधीच जमलं नाही.

१९९७ ते २००३, सात सीझन, १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या शाळेच्या लायब्ररीखाली चक्क नरकाचं तोंड, आणि अभ्यास सांभाळून रात्री स्मशानात व्हॅम्पायरांच्या छातीत लाकडी खुंटी ठोकणारी बफी. शेवटच्या भागात अख्खं गाव जमिनीत गडप होतं. मागे एक भलाथोरला खड्डा उरतो, काठावर पिवळी स्कूलबस उभी असते. आता पुढे काय करायचं, असं बफीची धाकटी बहीण डॉन तिला विचारते. बफी किंचित हसते आणि पडदा काळा होतो.

आता असा प्रश्न विचारून कुणी पसार होतं का? मालिकेचे कर्ते जॉस व्हेडन झाले. उत्तर दिलं ते चार वर्षांनी, आणि टीव्हीवर नाहीच. मार्च २००७ मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनाने कॉमिकचा पहिला अंक काढला आणि मालिकेला नाव दिलं ‘सीझन एट’. म्हणजे कुणा चाहत्याने हौसेने जोडलेलं शेपूट नव्हे, हीच पुढची अधिकृत गोष्ट. तरी हे खरं मानायचं की घुसडलेलं, यावर जगभर भांडणं झाली. मी शांत होते. मी पुण्याची. भांडारकर संस्थेत महाभारतातला प्रक्षिप्त भाग बाजूला काढायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. सीझन एटचा निकाल चार दिवसांत लावायची मला मुळीच घाई नव्हती.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिच्या हातात दर महिन्याला ताजा अंक. माझ्यापर्यंत तो पोचायचा कुणातरी येणाऱ्याच्या बॅगेतून, बदाम-पिस्त्यांच्या पाकिटांखाली दबून, चार-पाच भावंडांसह. मधल्या काळात फोन होता आणि बहिणीच्या पोटात काही राहत नाही.

“ताई, डॉन मोठी झालीय.”

“होणारच गं. मुलींना काय वेळ लागतो!”

“तशी नाही. वाड्याएवढी.”

खरंच होती. थ्राइसवाइज नावाच्या जातीतल्या प्रियकराशी प्रतारणा केल्याचा शाप. पुढे ती अर्धी घोडी झाली, मग बाहुली. जपानवर स्वारी झाली तेव्हा टोकियोच्या रस्त्यात महाकाय डॉनची गाठ तिच्यासारख्याच दिसणाऱ्या महाकाय यंत्र-डॉनशी पडली. अंक मिटून मी पाणी प्यायले.

माझं म्हणणं एवढंच, की या मालिकेची पुण्याई तिच्या गरिबीत होती. टीव्हीवर राक्षस उभा करायला पैसे पडतात. म्हणून तो दोन मिनिटं यायचा आणि बाकीची चाळीस मिनिटं माणसं एकमेकांशी बोलायची. सहाव्या सीझनमध्ये बफीच्या तळघरातला पाइप फुटतो. दुरुस्तीचा खर्च ऐकून ती कर्ज मागायला बँकेत जाते. तेवढ्यात बँकेवर राक्षस चालून येतो, ही त्याला हाकलते आणि कर्ज तरीही मिळत नाही. मग बर्गरच्या दुकानात टोपी घालून नोकरी. जग वाचवणाऱ्या मुलीला प्लंबर परवडत नाही, हे ज्याने लिहिलं त्याला मी सात खून माफ करायला तयार होते. कागदावर मात्र ड्रॅगन काढायला आणि चहाचा कप काढायला शाई तेवढीच लागते. मग चहाचा कप कोण काढतो? स्कॉटलंडमध्ये किल्ला आला, हेलिकॉप्टर आलं, पाणबुडी आली. हाताखाली शेकडो स्लेअर मुली. आणि डोळ्याला पट्टी लावलेला बफीचा मित्र झँडर, जो सनीडेलमध्ये सुतारकाम करायचा, तो पडद्यांच्या भिंतीसमोर उभा राहून हुकूम सोडतोय.

नवरा चार्टर्ड अकाउंटंट आहे. बँकेचा तो भाग त्याने एकट्याने दोनदा पाहिला होता. किल्ल्याचं चित्र बघून त्याने एकच विचारलं, “मेंटेनन्स कोण भरतं?” मी त्याला अरसिक म्हटलं. पुढच्या अंकांत कबुली आली की बफीने स्विस बँक लुटली आहे. तेव्हापासून तो माझ्या आधी अंक उघडायचा.

चित्रांशीही जुळवून घ्यावं लागलं. जो चेन यांची मुखपृष्ठं इतकी हुबेहूब, की टीव्हीवर बफी झालेली सारा मिशेल गेलर आता डोळे मिचकावेल असं वाटावं. आत पान उलटलं की तीच बफी स्वतःची आतेबहीण दिसायची. आवाज आपणच पुरवायचे. बफीचा गुरू जाइल्स, त्याचे संवाद मी मनातल्या मनात ती भूमिका करणाऱ्या अँथनी हेडच्या अडखळत्या ब्रिटिश सुरात वाचायचे आणि जिथे तो चष्मा पुसेल असं वाटायचं तिथे थांबायचे. बावीसेक पानांचा अंक, पण एवढं सगळं केलं की दुपार निघायची.

वाईटच होतं असं नाही. ब्रायन के. व्हॉन यांनी लिहिलेलं फेथ या दुसऱ्या स्लेअरचं प्रकरण टीव्हीच्या कुठल्याही भागाच्या तोडीचं होतं: शिवराळ फेथला खानदानी इंग्रज मुलगी म्हणून उभं करायला जाइल्स तिला काटे-चमचे शिकवतो. शत्रूला चकवण्यासाठी बफीचं रूप घेऊन जमिनीखाली लढणाऱ्या आणि तिथेच मरणाऱ्या एका बिननावाच्या मुलीचा पाचवा अंक तर मी अजून कुणाला उसना देत नाही. २००८ मध्ये सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

पण मग मेलेली माणसं उठू लागली. बफीचा वैरी वॉरन, त्याची कातडी तिच्या मैत्रिणीने, विलोने, टीव्हीवर आमच्यादेखत सोलली होती. सातव्या सीझनमधली आदिम दुष्ट शक्ती फक्त मृतांचं रूप घ्यायची आणि तिने वॉरनचं घेतलं होतं. म्हणजे दाखलाच मिळाला की! तो कॉमिकमध्ये कातडीशिवाय जिवंत. ओरडा झाल्यावर खुलासा आला की तो क्षणभर मेला होता. नवरा म्हणाला, “तांत्रिकदृष्ट्या मयत.” आमच्याकडेही ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात गेलेले अण्णा नाईक दुसऱ्यात हिंडताना दिसले, पण त्यासाठी काळ मागे नेण्याचं सौजन्य दाखवलं होतं.

पुढे सीझनभर मुखवट्याआड लपलेला खलनायक निघाला एंजल, बफीचा पहिला प्रियकर. दोघांनाही उडता येऊ लागलं. त्यानंतर आकाशात जे झालं आणि त्यातून एक नवंच विश्व जन्माला आलं, ते बहीण फोनवर सविस्तर सांगत होती आणि शेजारी सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी नुसतं “हो का, बरं, बरं” म्हणत राहिले. स्पाइक नावाचा व्हॅम्पायर उडतं जहाज घेऊन आला, खलाशी म्हणून मोठाले किडे घेऊन. तेवढं मात्र मी मोठ्याने विचारलं, “झुरळं?” सासूबाई ताबडतोब ओट्याखाली बघून आल्या.

डिसेंबर २०१० मध्ये एकोणचाळिसावा अंक आला. सकाळीच फोन.

“ताई, बसली आहेस ना? जाइल्स गेला.”

मी खरंच बसले. माझा चेहरा बघून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, जे त्या भूकंपातही करणार नाहीत.

“कोण गेलं गं?”

“जाइल्स.”

“तुझ्या माहेरचे?”

“नाही हो आई. शाळेचे लायब्रेरियन होते. बफीला त्यांनीच तयार केलं.”

“अगंबाई. कशाने?”

“एंजलने मान मोडली. म्हणजे त्याच्या अंगात आलं होतं.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “आपल्याला नाही ना काही? नाहीतर उद्याची पूजा पुढे ढकलते.”

सुतक नसल्याचं मी सांगितलं, पण रात्री नीट जेवले नाही. चाळिसाव्या, शेवटच्या अंकात मृत्युपत्र आलं. लंडनचं घरदार सगळं फेथला. बफीला एक जुनं पुस्तक.

इथे मात्र सासूबाईंचा संयम संपला. “सात वर्षं राबली ती, आणि घर त्या काल आलेलीला? आणि हिला पुस्तक?” त्या दिवशी त्यांनी बफीची बाजू घेतली ती कायमची. खुद्द व्हेडन यांनीही त्याच अंकात लिहिलं होतं की पसारा जरा हाताबाहेर गेला, आता पुन्हा जमिनीवर येऊ. त्याप्रमाणे नवव्या सीझनमध्ये बफी सॅन फ्रान्सिस्कोत, हॉटेलात वाढपीण, भाड्याच्या घरात भागीदारांसह. नवरा समाधानाने म्हणाला, “आता कसं!”

आणि जोडीच्या ‘एंजल अँड फेथ’ मालिकेत दोघांनी मिळून जाइल्सला परत आणलं. आला, पण बारा वर्षांचा होऊन. डोकं जुनं, अंग शाळकरी. बहीण फोनवर हसत होती की रडत होती ते कळलं नाही. मी घरात बातमी दिली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने कागद-पेन घेतलं.

“मृत्युपत्र अमलात आलं, आणि आता करणाराच परत आला. तोही अज्ञान. म्हणजे घर पुन्हा त्याच्या नावावर, अ.पा.क. फेथ.”

लंडनमध्ये सात-बारा नसतो, असं मी म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “नसू दे. बफीचं नाव इतर हक्कांत तरी चढवून घ्या.”