होतकरूंसाठी निधिसंकलन

पहिली पायरी नावाची. पैसे कोणाला द्यायचे ते सावकाश ठरवता येतं, पण नाव आधी हवं, इंग्रजी हवं आणि शेवटी 'थॉन' हवं. वॉकेथॉन, सायक्लोथॉन जुने झाले. रविवारी पहाटे पाम बीच रोडवर कोणी ना कोणी कशासाठी तरी धावतच असतं. आपलं शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतं, तेव्हा आपण 'फ्लेमिंगोथॉन' भरवावा. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत सकाळी सहाला सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं. ज्याचा दुसरा पाय सगळ्यात शेवटी टेकेल, तो विजेता. गुडघेवाल्या ज्येष्ठांसाठी खुर्ची गट ठेवावा.

आता हिशेब. समजा, प्रवेश फी ५०० रुपये. त्यात गुलाबी टी-शर्टचे २००, पदकाचे ६०, उपमा आणि केळ्याचे ५०. स्टेज, स्पीकर, सुरुवातीची झुंबा आणि वरून घिरट्या घालणारा ड्रोन यांचे माणशी १२०. पाहुण्यांची शाल, श्रीफळ आणि 'छोटीशी भेट' धरून आणखी ४०. उरले ३०. यालाच निधी म्हणतात. तो देताना चेक मात्र दारापेक्षा मोठा असावा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पुठ्ठ्याचा करावा. फोटोत सोळा जणांचे हात त्याला लागले पाहिजेत. ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिचा माणूस कडेला उभा राहील, त्याला सवय असते.

जुन्या लोकांचं उदाहरण चुकूनही काढू नका, उत्साह जातो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. ना पदक, ना उपमा. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले या मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. यातली खुबी साधी आहे. लोक ते नाटक एरवीही तिकीट काढून बघायला आले असते. एका पायावर उभं राहायला कोण पैसे मोजतं? येणारा टी-शर्ट घ्यायला येतो.

तरीही भरवायचाच असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खालची नोंद आधी करा. गणेशोत्सव मंडळात काम केलेला कोणीही कागद सांगेल. टी-शर्टवाल्याला नंतर फोन करा.

आणि एवढी धावपळ नको असेल, तर पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे. कधीतरी जाऊन काम बघा, त्यांना काय हवंय ते विचारा, जमेल तेवढे द्या आणि पावती घ्या. देणगी कुठल्याही संस्थेला असो, २००० रुपयांच्या वर रोख दिलीत तर आयकरात सवलत मिळत नाही. चेकने द्या, साध्या आकाराच्या.