राजाबाई, नाथीबाई आणि मुमाबाई

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हल्ली पालकांनाही कामाला लावतात. नव्या मुलांचे सामान खोलीवर पोचवायला पालक, नवख्यांच्या चहापानाला पालक आणि वर्षाअखेरीस 'पालक निधी'साठी चेक फाडायलाही पालकच. बदल्यात त्यांना आभाराचे पत्र येते. हे ऐकून भिवंडीजवळच्या राहनाळकरांनी मनाला लावून घेऊ नये. सेवा आणि दान या दोन्हीत भिवंडी तालुका अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहे. आपल्याकडे फक्त पत्र येत नाही.

राहनाळच्या गोदामात माल चढवणारा कुठलाही बाप घ्या. मुलगा बी.कॉम.ला आहे. पेपर लिहून आला, तरी गुणपत्रिकेत एका विषयाला गैरहजर. बाप कामावर खाडा करतो, काल्हेर-कशेळी करत, मेट्रो 5 च्या खांबांच्या कडेने खाडी ओलांडतो. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर लागतो. त्याला बाहेरूनच नमस्कार, कारण काम मुंबईत, कालिन्याच्या परिसरात. ठाण्याहून लोकल, कुर्ल्याहून रिक्षा आणि शेवटी खिडकी. खिडकी म्हणते, "कॉलेजमार्फत या." बुडालेली मजुरी हा झाला पालक निधी आणि रांग ही स्वयंसेवा.

2017 साली संगणकावर पेपर तपासायचा घाट घातला गेला आणि मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलगुरूंना पद सोडावे लागले. पालकांना मात्र आपले पद सोडायची सोय नव्हती.

कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची, तेव्हा कॉलेजला पालक आठवायचे. आईने चांगली साडी नेसून यावे, पुढच्या रांगेत बसावे आणि विचारले तर "सगळं छान आहे" म्हणावे. समिती गेली की आई पुन्हा फाटकाबाहेर.

देणगीचेही तसेच. राज्यात कॅपिटेशन फीविरोधी कायदा 1987 पासून आहे. देणगी ऐच्छिक असावी आणि तिच्या बदल्यात जागा राखू नये, असे तो सांगतो. देणगी आजही ऐच्छिकच असते. किती रकमेची इच्छा व्हायला हवी, एवढेच काही ठिकाणी केबिनमध्ये बोलावून सांगतात.

आपल्या विद्यापीठांना आयांचे वावडे होते असे कोणी म्हणू नये. प्रेमचंद रायचंद यांनी 2 लाख रुपये दिले आणि आईच्या नावाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये उभा राहिला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये 15 लाख देऊ केले, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. राहनाळच्या आईचे नावही विद्यापीठ छापते, मुलाच्या गुणपत्रिकेवर. त्यात एखादे अक्षर चुकले तर अर्ज करा, चलन भरा, पुन्हा या.

आता या मालिकेत तिसरी बाई आली आहे. मुंबई विद्यापीठाच्या जानेवारी 2025 च्या दीक्षान्त समारंभाच्या पदवी प्रमाणपत्रांवर, बोधचिन्हातल्या इंग्रजी अक्षरांत मुंबईचे चक्क 'मुमाबाई' झाले. विद्यापीठाने छपाईची चूक म्हटले आणि दुरुस्त प्रमाणपत्रे फुकट द्यायचे जाहीर केले. म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे नाव चुकले की दुरुस्ती फुकट. तुमचे चुकले की चलन.

2016 च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत, शिक्षक आहेत, नोंदणीकृत पदवीधरांचे 10 प्रतिनिधी आहेत, आमदारही आहेत. पालक म्हणून निवडून येईल अशी जागा नाही. ज्याच्या खिशावर सगळे चालते, त्याला खुर्ची नाही, खिडकी आहे.

तेव्हा राहनाळच्या पालकांनो, सेवा करा, दानही करा. पण पुढच्या पालक मेळाव्यात "सगळं छान आहे" म्हणण्याआधी दोन गोष्टी मागा: दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आणि अधिसभेत एक खुर्ची. खुर्ची मिळेपर्यंत पावती तरी सोडू नका.