अंपायर्स कॉल

रायपूरला खेटून असलेल्या बीरगांवात, जेथे उरल्याच्या कारखान्यांचा धूर रोग्याच्याही आधी दवाखान्यात प्रवेश करतो, तेथे गेली अनेक वर्षे वैद्यकी करीत असता माझी अशी धारणा दृढ झाली आहे की आमचा धंदा मूलतः पंचाचा आहे. रोगी कळवळून अपील करतो, त्याचे आप्त चहूबाजूंनी दुजोरा देतात, आणि मध्यभागी पांढऱ्या कोटातला एक मनुष्य, आपल्याला नीट दिसले की नाही या शंकेने पोखरलेला असूनही, निर्विकार मुद्रेने फैसला सुनावतो. बोट तेवढे वर करायचे नाही, एवढीच खबरदारी.

परवा एका रोलिंग मिलचा कामगार कंबर धरून आला आणि वकिलाने दस्तऐवज दाखल करावेत तशी एमआरआयची लांबलचक पिशवी त्याने माझ्या मेजावर ठेवली. दोन पानी अहवालात प्रत्येक चकतीच्या फुगवट्याची नोंद जमाबंदीच्या चोखपणाने केलेली होती, आणि अखेरीस शेरा होता: प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे! म्हणजे कोट्यवधींच्या यंत्राने सारा मामला पुन्हा माझ्याच दफ्तरी वर्ग केला. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागत असला की तिसरा पंचदेखील हेच करतो.

चित्रांविषयी माझ्या मनात अढी आहे, आणि ती नोव्हेंबर 1992 पासूनची. डर्बनला दूरचित्रवाणीच्या पुराव्यावर धावबाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन होता. परंतु न्यायाने बोलायचे तर 1962 साली बार्बाडोसला ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेलने त्याच्यासाठी रक्त दिले, तेव्हा शल्यविशारदांपाशी सीटी स्कॅन नव्हता. तो रोग्यावर प्रथम वापरला गेला 1971 साली, लंडनला. कॉन्ट्रॅक्टर वाचला, हे त्या हातांचे कसब. तरी माझ्या कवटीवर प्रसंग आला तर मी आधी यंत्रच मागेन.

21 जानेवारी 2023 रोजी, रायपूरच्या पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी, दवाखान्यावर ‘आकस्मिक कारणास्तव बंद’ अशी पाटी लावून मी नव्या रायपुरात हजर होतो. रोहित शर्माने नाणेफेक जिंकली आणि काय निवडायचे ठरले होते तेच तो विसरला. माझ्या एखाद्या रोग्याला असा विसर पडता तर त्याच्या मेंदूची चित्रे काढण्याची शिफारस मीच केली असती. त्याने डोके खाजवून गोलंदाजी घेतली, आणि न्यूझीलंडचा संघ 108 धावांत आटोपला.

असो. कामगाराला मी आडवे केले, पाय सरळ ठेवून वर उचलला. कळ पायात उतरली नाही. असे फुगवटे पाठ न दुखणाऱ्यांच्याही चित्रांत आढळतात, नस दबलेली नाही, ओझे उचलताना गुडघ्यात वाक, हे सारे मी पंधरा मिनिटे समजावले. त्याने शांतपणे ऐकले, फी दिली, पिशवी काखेत मारली आणि दारातून वळून विचारले, “डॉक्टरसाहेब, आता एकदा सीटी स्कॅनही करून टाकू का?”

काय सांगायचे ते मला काही क्षण आठवेना.